‘सेमाय’ म्हणणारा मुलगा

पुण्यातल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली एक तासिका निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही. १९९०च्या दशकातली गोष्ट. सातवीत एक नवा मुलगा आला होता, चार वर्षं अमेरिकेत राहून परतलेला. खेळावरचा धडा वाचताना त्याने ‘सेमीफायनल’ला ‘सेमायफायनल’ म्हटलं. वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले आणि म्हणाले, “अरे, इथे फॅशन नको. सेमी म्हण.” तो ‘सेमी’ म्हणाला आणि खाली बसला. नंतर वर्षभर वाचायला म्हणून त्याचा हात काही वर आला नाही.

‘अँटी’, ‘सेमी’, ‘मल्टी’ हेच बरोबर, ‘अँटाय’, ‘सेमाय’, ‘मल्टाय’ ही अमेरिकनांची मोडतोड, याची मला तेव्हा पक्की खात्री होती. ती खात्री आली कुठून, हे मी फार उशिरा शोधायला घेतलं.

सुरुवात मागे जाऊन करावी लागते. १४०० साली वारलेल्या चॉसरच्या काळात इंग्रज ‘टाइम’ या शब्दातला स्वर ‘ई’सारखा म्हणत, म्हणजे जवळपास ‘टीम’. पुढच्या तीनएकशे वर्षांत इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागचे हलले आणि या ‘ई’चा ‘आय’ झाला. इंग्लंडातले पंडित लॅटिनही याच बदललेल्या जिभेने वाचू लागले. शब्दाच्या शेवटी ‘आय’ हे अक्षर आलं की त्याचा उच्चारही ‘आय’. ‘अ‍ॅलिबाय’ आणि ‘अलम्नाय’ हे त्या वाचनाचे आजही जिवंत असलेले नमुने. ते ब्रिटिशही तसेच म्हणतात आणि त्यावर कुणी हसत नाही.

मग ‘सेमाय’नेच काय घोडं मारलं? मला दिसतं ते असं: अमेरिकन माणूस उपसर्ग सुटा शब्द असल्यासारखा धरतो, ब्रिटिश तो पुढच्या शब्दात मिसळून टाकतो. पडताळा घेता येतो. ‘अँटिडोट’, ‘मल्टिट्यूड’, ‘मल्टिप्लाय’ या शब्दांत उपसर्ग पूर्ण विरघळला आहे, तिथे अमेरिकेतही कुणी ‘अँटायडोट’ म्हणत नाही. ‘अँटायवॉर’ मात्र म्हणतात, कारण ‘वॉर’ वेगळा उभा दिसतो. शिवाय तिथेही एकच रीत नाही; एकच माणूस दोन्ही उच्चार करतो.

मुळाकडे जावं तर तिथेही ब्रिटिशांची सरशी होत नाही. लॅटिन ‘सेमि’मधला ‘ए’ दीर्घ होता, ‘इ’ ऱ्हस्व. इंग्रजांनी तो ‘ए’ तोकडा केला, म्हणजे मोडतोड दोघांचीही. गंमत म्हणजे या शब्दाचं भावंड आपल्या संस्कृतात आहे: ‘सामि’, अर्थ ‘अर्धा’.

मग बरोबर कोण, हे ठरवलं कुणी? १७९१ साली जॉन वॉकर या माजी नटाने लंडनमध्ये उच्चारकोश काढला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि खुद्द लंडनच्या लोकांनी आपापल्या लकबी कशा टाळाव्यात, याचे नियम त्यात होते. त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकेत नोआ वेब्स्टर या शिक्षकाने लिहिलं होतं की, स्वतंत्र राष्ट्राने भाषेतही स्वतःची व्यवस्था लावावी. तो ‘सेमाय’साठी भांडला असं नाही, पण लंडनकडे बघून बोलायचं नाही, हे त्याने ठामपणे मांडलं. पुढे १९१७ साली डॅनियल जोन्सचा उच्चारकोश आला. त्यात दक्षिण इंग्लंडमधल्या, मुलगे महागड्या निवासी शाळांत शिकणाऱ्या घरांची बोली होती. त्याने नोंद केली. आमच्या अध्यापक महाविद्यालयापर्यंत येईतो त्या नोंदीचा कायदा झाला होता.

मी त्या कायद्याची शिपाई होते. माझ्या घरात इंग्रजी बोलणारी मी पहिलीच. पुस्तकातून शिकलेला उच्चार चुकेल ही धास्ती मला कायम असे, आणि समोर एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा न घाबरता बोलत होता. खरं तर मला तेच सहन झालं नसावं.

आता महाराष्ट्रात घरोघरी ‘आमचा सेमीला आहे’ असं म्हणतात. सेमी-इंग्रजी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. या ‘सेमी’चा उच्चार लंडनहून आला आणि आपला झाला, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्या मुलाचा उच्चार त्याच्या शाळेतून, मित्रांकडून आला होता. त्यातही काही नव्हतं.

आमच्या ग्रंथालयात एक जाडजूड अमेरिकन शब्दकोश होता. परवा तशीच एक प्रत रद्दीच्या दुकानात मिळाली. ‘सेमी’ काढून पाहिलं. दोन्ही उच्चार शेजारी शेजारी छापलेले होते. त्या दिवशी वर्गातून ग्रंथालय वीस पावलांवर होतं.