दोन दांडक्यांचा प्रवास: मुद्गल, गोल्फ आणि वेगाचं गणित

आजच्या भागाचं नाव वाचून काही जण म्हणतील, इतिहासाच्या गप्पांमध्ये हे गोल्फ कुठून घुसलं? येरवड्यात गोल्फ क्लब चौकातून आपण कितीदा तरी जातो, पण कुंपणापलीकडे काय चाललंय याच्याशी आपला संबंध नाही, असंच बहुतेक पुणेकरांना वाटतं. माझं म्हणणं असं की संबंध आहे, आणि तो आपल्या पेठांमधल्या तालमींपर्यंत जातो.

आधी दोन तारखा सांगतो. 1829 साली कोलकात्यात गोल्फ क्लब सुरू झाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा हा सर्वांत जुना गोल्फ क्लब. म्हणजे साहेबाचं दांडकं इकडे आलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1834 मध्ये, लंडनला डोनाल्ड वॉकरचं व्यायामावरचं पुस्तक निघालं, ‘ब्रिटिश मॅनली एक्सरसाइजेस’. त्यात भारतातून गेलेल्या मुद्गलाचे हात होते. म्हणजे आपलं दांडकं तिकडे गेलं. इंग्रजांनी मुद्गलाला नाव दिलं ‘इंडियन क्लब’. गंमत बघा, दोन्ही दांडक्यांना इंग्रजीत शब्द एकच, क्लब!

पुढे हा इंडियन क्लब तिकडे चांगलाच रुजला. 1904 च्या सेंट लुईस आणि 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्लब फिरवण्याची चक्क स्पर्धा होती. दोन्ही वेळा सुवर्णपदक अमेरिकेलाच मिळालं.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. गोल्फच्या दांड्याला एवढा वेग येतो कुठून? व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचं डोकं चेंडूपाशी येतं तेव्हा त्याचा वेग ताशी 180 किलोमीटरच्या आसपास असतो. वरून खाली यायला लागतो साधारण पाव सेकंद. आणि त्याच्या मुठीचा वेग? या वेगाच्या पाव भागाइतकाही नसतो! मग उरलेला वेग आणला कोणी?

उत्तर गोफणीत आहे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणारा माणूस डोळ्यासमोर आणा. तो नुसत्या हाताच्या जोरावर गुंडा फेकत नाही. पाय रोवतो, कंबर वळवतो, मग खांदा, मग हात. आणि शेवटी हात थबकतो. हात थबकतो तेव्हाच गोफणगुंडा सुटतो. अंगाचा जड भाग आधी हलतो, मग मंदावतो, आणि त्याचा वेग पुढच्या हलक्या भागाला मिळतो. कमरेकडून खांद्याला, खांद्याकडून हाताला, हाताकडून दांड्याला. अगदी रांगेतून हातोहात पाण्याची बादली पुढे जावी तसं.

गोल्फमध्ये नेमकं हेच होतं. दांडा वर नेला की मनगट मुडपलेलं असतं. खाली येताना ते शक्य तितका वेळ तसंच ठेवायचं. हात कमरेच्या उंचीला आले की दांडा आपोआप बाहेर फेकला जातो. नवशिका काय करतो? ‘जोरात मारायचंय’ म्हणून वरूनच मनगट उघडतो. मग सगळा वेग चेंडूपर्यंत पोचायच्या आधीच खर्च होतो.

थोडं गणित करू. दांड्याचं डोकं सुमारे 200 ग्रॅमचं, वेग सेकंदाला 50 मीटर, फिरण्याची त्रिज्या दीड-पावणेदोन मीटर. त्या क्षणी ते डोकं हातांना जवळजवळ तीस किलो वजन टांगल्यासारखं बाहेर ओढतं. म्हणजे तेव्हा खेळाडूचं काम ढकलण्याचं राहिलेलंच नसतं. त्याने ही ओढ सांभाळायची असते आणि तोल जाऊ द्यायचा नसतो.

आणि हेच मुद्गल शिकवतो. मुद्गलाचं वजन टोकाला असतं. मूठ आवळून, दंडाच्या जोरावर तो फिरवायला गेलात तर चार हातांत खांदा भरून येतो. पायापासून सुरुवात करायची, वजनाला त्याचा ओघ घेऊ द्यायचा आणि आपण फक्त वळण द्यायचं. मुद्गल संथ फिरतो आणि त्याला चेंडू मारायचा नसतो, हा फरक आहेच. मुद्गलाने गोल्फ घडवलं असंही मी म्हणत नाही. पण टोकाला वजन असलेलं दांडकं माणसाचं शरीर कसं चालवतं, हे ज्ञान दोन्हीकडे एकच आहे.

आता हे ज्ञान नोंदवलं कसं गेलं ते बघा. 1936 पासून बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढायला सुरुवात केली. मराठीत, दहा खंड! मलखांब, कुस्ती, हत्यारांचे हात, जे जे आखाड्यात होतं ते कागदावर आणायचा प्रयत्न. त्याच सुमारास, 1938 मध्ये, अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टनने डेन्स्मोर शूट या गोल्फपटूचे फोटो काढले, लखलखत्या फ्लॅशच्या उजेडात. एकाच फोटोत दांड्याच्या कितीतरी जागा! जे उघड्या डोळ्यांना दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. पुढे 1968 मध्ये कॉक्रन आणि स्टॉब्स यांचं ‘सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ आलं. त्यांनी मांडलेलं चित्र सोपं होतं: खांदे आणि हात हा एक दांडा, क्लब हा दुसरा, मध्ये मनगटाची बिजागरी. दुहेरी लंबक.

फरक इथेच पडला. तिकडे फोटो निघाले, मोजमाप झालं, त्यावर शिकवण्याची पद्धत उभी राहिली. आपल्याकडे एवढा दहा खंडांचा कोश झाला, तरी ‘मुद्गल म्हणजे दंड कमावणं’ एवढंच लोकांच्या मनात राहिलं. तालमीत वस्ताद पोराच्या कोपराला नुसतं बोट लावून हात सुधारतो. ते कुठेच लिहिलेलं नसतं. वस्ताद गेला की तेही जातं.

2021 मध्ये पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्फ खेळला. आज खेळाडूंचा स्विंग कॅमेऱ्यांनी, सेन्सरनी मोजता येतो. तेच कॅमेरे एखाद्या दिवशी पेठेतल्या तालमीत लावावेत, म्हाताऱ्या वस्तादाच्या हातात मुद्गल द्यावा आणि कंबर आधी वळते की खांदा, हे मोजावं. भौतिकशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला मोबाइलवरही हे जमेल. फक्त वस्ताद आहेत तोवर व्हायला हवं.

तुमच्या ओळखीत मुद्गल फिरवणारं कोणी असेल तर त्यांचा व्हिडिओ काढून ठेवा, बाजूनं आणि समोरून, दोन्हीकडून. भेटू पुढच्या भागात.