सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी कर्करोग

यकृताचा कर्करोग म्हटला की डॉक्टर आधी दारू, जुनी कावीळ आणि सिरोसिसची चौकशी करतात. पोटात मोठी गाठ घेऊन आलेल्या विशीतल्या रुग्णाकडे मात्र यांतलं काहीच नसतं. एएफपी ही नेहमीची रक्ततपासणीही बहुधा नॉर्मल येते. ‘फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा’ हा यकृताचा कर्करोग असा सहजी थांग लागू देत नाही.

लॉस एंजेलिसचे पॅथॉलॉजिस्ट ह्यू एडमंडसन यांनी १९५६ साली मुलांच्या यकृतातल्या गाठींवर लिहिताना १४ वर्षांच्या एका मुलीची गाठ वेगळी काढून नोंदवली. ती नोंद बरीच वर्षं तशीच पडून राहिली. १९८० साली क्रेग, एडमंडसन आणि सहकाऱ्यांनी २३ रुग्णांचा अभ्यास छापला, तेव्हा कुठे हा वेगळा आजार म्हणून मानला गेला.

ओळख होती ती सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर. नेहमीपेक्षा मोठ्या, गडद गुलाबी, रवाळ पेशी. त्यांच्या केंद्रकात ठळक ठिपका. आणि पेशींच्या पुंजक्यांमधून समांतर धावणारे तंतूंचे पट्टे. पेशींत मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले असतात, म्हणून तो रवाळपणा. स्कॅनवर मात्र घोटाळा होतो. गाठीच्या मधोमध वण दिसतो, आणि तसाच वण ‘फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया’ या निरुपद्रवी गाठीतही असतो.

नजरेवर चाललेल्या या निदानाला भक्कम पुरावा मिळाला २०१४ साली, आणि तोही एका रुग्णाच्या हट्टातून. एलाना सायमनला बाराव्या वर्षी हा आजार झाला होता. शाळेत असतानाच ती वडिलांच्या, रॉकफेलर विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत या आजाराचं जनुकीय मूळ शोधायच्या कामाला लागली. तपासलेल्या पंधराही गाठींत एकच बिघाड सापडला: १९व्या गुणसूत्राचा तुकडा गळून डीएनएजेबी१ आणि पीआरकेएसीए ही दोन जनुकं जोडली गेलेली. ‘सायन्स’मधल्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत तिचंही नाव आहे. मला या आजाराच्या कथेतलं हे पान सर्वांत मोलाचं वाटतं.

आता शंका आली की जनुकांचा हा जोड तपासतात. पण पुढे स्वादुपिंड आणि पित्तनलिकेच्या एका विरळ गाठीतही तोच जोड आढळला. त्यामुळे काचपट्टी पाहिल्याशिवाय एकट्या जनुकचाचणीवर निदान करून चालत नाही.