पापणीला लावलेलं अंडं



गेल्या जुलैत घरी केलेल्या थर्मोकोलच्या पेटीत ४० अंडी लावली. बल्ब, छोटा पंखा, थर्मोस्टॅट, आणि ओलाव्यासाठी पाण्याचं पसरट भांडं. तापमान ३७.५ अंशावरून हललं नाही. तरी पिल्लं निघाली ११. राहिलेली फोडली तर बहुतेकांत पिल्लू पूर्ण वाढलेलं, पण ओलंचिंब, आतच गुदमरलेलं. आई म्हणाली, "खुडूक कोंबडीच बसवायची होतीस."

मग वाचत सुटलो आणि पोचलो थेट इजिप्तला.

तिथं उकिरड्याच्या उबेत अंडी उबवतात, असं ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. पुढं तिथं मातीच्या विटांच्या भट्ट्या आल्या. मधे बोळ, दोन्ही अंगाला दुमजली खोल्या. खाली हजारो अंडी, वरच्या मजल्यावर गोवऱ्या आणि भुसकटाचा धुमसता विस्तव. घुमटाची भोकं उघडझाप करून ऊब राखायची. तापमापक नव्हताच. राखणदार अंडं उचलून पापणीला लावायचा आणि ऊब ओळखायचा. नाईलच्या मुखाकडच्या बेर्मा गावचे लोक यात पटाईत, आणि ही विद्या घराबाहेर जाऊ देत नसत.

फ्रान्सच्या रेओम्यूरने १७४९ साली यावर पुस्तकच काढलं. हा स्वतः तापमापक बनवणारा माणूस. पण खेड्यातल्यांसाठी त्याने सोपी युक्ती सांगितली: बाटलीत लोणी आणि चरबीचं मिश्रण ठेवा, ते किती पातळ झालं यावर ऊब ओळखा. मला जास्त भिडलं ते वेगळंच. त्याने शेणखतात लाकडी पिंपं पुरून अंडी उबवायला घेतली. ऊब बरोबर मिळाली, पण खताच्या दमट वाफेनं गर्भ मेले. मग पिंपांना आतून प्लास्टर करून वाफ अडवली.

म्हणजे माझी चूक पावणेतीनशे वर्षं जुनी!

तापमानाचं कोडं पुढं यंत्रानं सोडवलं. १८८१ साली इंग्लंडच्या हिअरसनने पातळ धातूच्या डबीत लवकर उकळणारा द्रव भरला. ऊब वाढली की डबी फुगे, दांडी उचले आणि गरम हवेला बाहेर वाट मिळे. आपला थर्मोस्टॅट त्याच कुळातला. ओलाव्याचं मात्र अजून आपल्यालाच बघावं लागतं.

हिशेब असा. पावसाळ्यात बाहेर २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली, तर तीच हवा पेटीत ३७.५ ला तापल्यावर ४५ टक्क्यांच्या आसपास येते. पहिले १८ दिवस ५०-५५ पुरते. म्हणजे जुलैत भांडं जवळपास लागतच नाही, आणि मी ते काठोकाठ भरत होतो. अंड्यानं १८ दिवसांत साधारण १२ टक्के वजन गमवायला हवं. ५० ग्रॅमचं अंडं ४४ वर यावं. पाणी उडालं नाही तर बुडाशी हवेची पोकळी लहान राहते, आणि शेवटी पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. शेवटच्या तीन दिवसांत मात्र ६५-७० हवीच, नाहीतर कवचाखालचा पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो.

यंदा दर पाचव्या दिवशी टॉर्चवर अंडं धरून पोकळीची कड पेन्सिलीनं आखतोय. वजनाला सोनाराचा छोटा काटा आणलाय. आज सोळावा दिवस, भांडं अजून फळीवर उपडं आहे. परवा ठेवीन.