जलपर्णी काढली, पण मुळातला धातू गेला कुठे?

मंडळी, उन्हाळा जवळ आला की आपल्या सांगवीत दोन गोष्टी ठरलेल्या. पवनेवर जलपर्णीचा हिरवा थर, आणि संध्याकाळी दारं-खिडक्या लावून बसायला लावणारे डास. मग आपण ओरडतो, यंत्रं लागतात, जलपर्णी काठावर येते. डास कमी झाले की आपणही गप्प. माझ्या मते विषय तिथे संपत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपलं गाव पवना आणि मुळेच्या मधलं. वरच्या अंगाला १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि बघता बघता शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. मोठ्या कारखान्यांमागून प्लेटिंगची छोटी युनिटंही आली. प्लेटिंग म्हणजे निकेल, क्रोमियम, जस्त. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यात पवनाही. पण ती यादी मुख्यतः सेंद्रिय घाणीच्या मोजमापावर, म्हणजे बीओडीवर बनते. धातूंचा हिशोब तिच्यात नाही.

हा हिशोब झाडाची मुळं मात्र ठेवतात. मुळाला लोह, जस्त हवंच असतं, त्यासाठी त्याच्या पेशींना खास दारं असतात. कॅडमियम जस्तासारखंच वागतं, त्याच दारातून आत शिरतं. आत आलेलं विष झाड एका प्रकारच्या प्रथिन-साखळीत बांधून पेशीतल्या कोठीत कोंडून ठेवतं. जर्मन शास्त्रज्ञांनी ही साखळी १९८५ मध्ये शोधली. बहुतेक झाडांत शिसं मुळातच अडकतं, कॅडमियम मात्र पानापर्यंत चढतं. म्हणून घाण पाण्यावरच्या पालेभाजीची काळजी जास्त.

माणसाला हे उशिरा कळलं. इटलीत चेझालपिनो नावाच्या अभ्यासकाने १५८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की एक पिवळ्या फुलांचं झुडूप ठरावीक काळ्या दगडांवरच उगवतं. कारण कळायला १९४८ उजाडलं: त्याच्या पानांत निकेल साध्या झाडाच्या शेकडो पट निघालं. पुढे न्यू कॅलेडोनिया बेटावर असं झाड सापडलं, ज्याचा चीक निकेलमुळे हिरवा-निळा दिसतो. मग लोकांच्या डोक्यात आलं, झाडाकडूनच जमीन साफ करून घेतली तर? १९९० च्या दशकात अमेरिकेत त्यासाठी आपल्या ओळखीची मोहरीही वापरून पाहिली.

आता आपली जलपर्णी. मूळची ॲमेझॉनची, फुलं सुंदर म्हणून जगभर नेली. बंगालमध्ये तिने नद्या-खाड्या अशा तुंबवल्या की १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. आणि १९७५ मध्ये नासाच्या मिसिसिपीतल्या केंद्राने तीच जलपर्णी घाण पाण्यात सोडून दाखवलं की तिची मुळं कॅडमियम आणि निकेल ओढून घेतात. एकाच्या डोक्याला ताप, दुसऱ्याचा फुकटचा सफाई कामगार!

पण या सगळ्या प्रयोगांत एक अट समान आहे: झाड वेळेवर काढायचं आणि ते कुठे जातं यावर लक्ष ठेवायचं. सांडपाण्यातली घाण झाड खाऊन टाकतं, धातू खात नाही, फक्त साठवतं. काठावर ढीग वाळला, कुजला, की पहिल्या पावसात तो धातू परत माती-पाण्यात. खत केलं तर ढीग आटतो, धातू तेवढाच राहतो, म्हणजे किलोमागे प्रमाण उलट वाढतं. ते खत कुणाच्या वांग्या-मेथीला पडलं तर?

म्हणून मागणी साधी आहे. काढलेल्या जलपर्णीची मुळं दरवर्षी प्रयोगशाळेत तपासा आणि आकडे जाहीर करा. खत करायचं तर खत नियंत्रण आदेशातली कचऱ्याच्या खताची मर्यादा पाळा: किलोमागे कॅडमियम ५, निकेल ५० आणि शिसं १०० मिलिग्रॅम. त्यापुढे गेलं तर तो माल शेतात नाही, घातक कचऱ्याच्या जागी गेला पाहिजे. आणि वरच्या अंगाला कुठल्या नाल्यातून धातू येतोय, हेही त्याच मुळांवरून शोधता येईल.

यंदा काठावर ढीग दिसला तर नुसता फोटो टाकू नका. वॉर्डात जाऊन विचारा: हे पुढे कुठे जाणार? उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये लिहा.