महाभारताच्या संशोधित आवृत्तीची कार्यपद्धति

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीचा गौरव बहुधा तींतील पाठनिर्णयासाठीं होतो. तो यथार्थच आहे. परंतु १९१९ सालीं आरंभिलेलें हें कार्य १९६६ सालीं तडीस गेलें तें केवळ विद्वत्तेच्या बळावर नव्हे, योजनेच्या बळावर, असें आमचें मत आहे.

विद्वत्ता युरोपांतही उणी नव्हती. विंटरनित्स यांनीं १८९७ च्या पॅरिस येथील प्राच्यविद्यापरिषदेंत अशा आवृत्तीची निकड मांडली. ल्यूडर्स यांनीं १९०८ मध्यें नमुनाही छापिला. तथापि पहिल्या महायुद्धांत तो उद्योग खुंटला. पुण्यास औंधाधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या एक लक्ष रुपयांच्या आश्वासनानें बळ आलें, आणि १ एप्रिल १९१९ रोजीं सर रामकृष्णपंत भांडारकर यांच्या हस्तें कार्यारंभ झाला.

येथें पहिली दूरदृष्टि दिसते. अठराही पर्वांचा अंतिम पाठ एकदम छापूं न लागतां उटगीकर यांनीं १९२३ मध्यें एकट्या विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ति काढून ती विद्वानांच्या अभिप्रायार्थ पुढें ठेविली. १९२५ मध्यें डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. आडव्या-उभ्या रेघांच्या कागदावर प्रचलित पाठ अक्षरशः मांडावयाचा व पोथ्यापोथ्यांतील पाठभेद त्या त्या अक्षराच्या स्थानीं नोंदावयाचे, ही रीत ठरलेली होती. जें काम पुण्यास होण्याजोगें नव्हतें तें शांतिनिकेतन व तंजावर येथें पोथ्यांजवळच करविलें. एकंदर १२५९ हस्तलिखितें या कामीं उपयोगांत आलीं.

दुसरा गुण नियमनिष्ठेचा. व्यासांच्या मुखांतून निघालेला ग्रंथ गणेशानें लिहून घेतला ही कथा आबालवृद्धांस प्रिय. परंतु पोथ्यांची साक्ष पुरेशी नसल्यामुळें ती आदिपर्वाच्या परिशिष्टांत गेली. जेथें निर्णय संशयित तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ घातली, आणि पाठभेद तळटीपांत दिले. अशा रीतीनें ठरविलेला पाठ कोणत्याही एका पोथींत जसाच्या तसा सांपडत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. परंतु ज्यास निर्णय मान्य नाहीं त्यास प्रतिवादाचें साधन त्याच पृष्ठावर मिळतें, हें आक्षेपकांनीं ध्यानीं घ्यावें.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ त निघाला, पर्व १९३३ त पुरें झालें, आणि त्याच्या प्रस्तावनेंत सुखटणकरांनीं आपली सर्व पद्धति उघड करून ठेविली. त्यामुळें रघुवीर यांचें विराटपर्व (१९३६), सुशीलकुमार दे यांचें उद्योगपर्व (१९४०) व अमेरिकन पंडित एजर्टन यांचें सभापर्व (१९४४) हीं एकाच घडणीचीं झालीं. २१ जानेवारी १९४३ रोजीं सुखटणकर निवर्तले, तेव्हां बहुतेक पर्वें व्हावयाचीं होतीं. पण पद्धति त्यांच्याबरोबर गेली नाहीं. ती छापलेली होती. डॉ. बेलवलकर व १९६१ पासून डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं धुरा वाहिली, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति राधाकृष्णन् यांनीं मूळ ग्रंथाच्या समाप्तीची घोषणा केली.

आपल्यांपैकीं अनेकांच्या घरीं पोथ्यांचे रुमाल बांधलेले आहेत, आणि त्यांची यादी संग्राहकाच्या केवळ स्मरणांत आहे. संग्राहक गेला कीं यादी जाते. मागून पोथ्याही जातात. म्हणून आधीं एकच रुमाल सोडावा, त्यावर नोंदीचे नियम पारखून लिहून ठेवावे, आणि जेवढें झालें तेवढें प्रसिद्ध करावें. पुढील हातास काम उचलतां आलें पाहिजे, एवढी दृष्टि ठेविली तरी पुरे.