प्रा. व्ही. राजारामन आणि भारतातील संगणकशास्त्राच्या अध्यापनाची पायाभरणी

भारतातील संगणकाचा इतिहास मांडताना सामान्यतः यंत्रांना अग्रस्थान दिले जाते. १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आलेला संगणक, त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला ‘टिफ्रॅक’ हे टप्पे सुपरिचित आहेत. परंतु ही विद्या वर्गापर्यंत कशी पोहोचली, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रा. वैद्येश्वरन राजारामन यांच्या कारकिर्दीचा विचार प्रस्तुत लेखात या दृष्टीने केला आहे.

१९३३ साली इरोड येथे जन्मलेल्या राजारामन यांनी दिल्लीत भौतिकशास्त्राची पदवी घेतली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकत असताना त्यांचा अॅनालॉग संगणकाशी संबंध आला. पुढे एमआयटी व विस्कॉन्सिन येथे अध्ययन करून १९६१ मध्ये त्यांनी पीएच.डी. संपादन केली. संशोधनाचा विषय नियंत्रण प्रणालींचा होता. संगणकशास्त्र ही स्वतंत्र ज्ञानशाखा तेव्हा परदेशातही नुकतीच आकार घेत होती.

आयआयटी कानपूरमध्ये १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला आणि त्यांच्या कार्यास वेगळे वळण मिळाले. आज साध्या वाटणाऱ्या एका निर्णयाचे महत्त्व येथे नोंदवणे आवश्यक आहे. हे यंत्र मोजक्या संशोधकांसाठी राखून न ठेवता विद्यार्थ्यांना खुले करण्यात आले. पदवीच्या विद्यार्थ्यांना फोरट्रान शिकविली जाऊ लागली, तर इतर संस्थांतील अध्यापक व शास्त्रज्ञांसाठी दहा दिवसांचे वर्ग भरू लागले. प्रा. एच. एन. महाबला यांच्या सहकार्याने, विद्युत अभियांत्रिकी विभागाच्याच छत्राखाली, संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले.

तथापि अडचण पुस्तकांची होती. परदेशी ग्रंथ विद्यार्थ्यांना परवडणारे नव्हते. राजारामन यांनी वर्गातील अध्यापनातून ग्रंथ सिद्ध केले. ‘प्रिन्सिपल्स ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ १९६९ मध्ये अल्प किमतीत प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तक लेखनास संशोधनाच्या पंक्तीत स्थान देण्यास विद्यापीठीय व्यवस्था आजही फारशी राजी नसते. राजारामन यांना मात्र १९७६ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे संशोधन जमले नाही म्हणून पुस्तके लिहिली, असे त्यांच्याबाबत म्हणता येत नाही.

१९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून एम.सी.ए. अभ्यासक्रम आकारास आला. अभियांत्रिकीबाहेरील, गणिताची पार्श्वभूमी असलेल्या पदवीधरांना त्यामुळे या क्षेत्राचे दार उघडले. मूळ तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम २०२० पासून दोन वर्षांचा झाला. १९८२ मध्ये ते भारतीय विज्ञान संस्थेत परतले; तेथे महासंगणक केंद्राची धुरा सांभाळत असताना समांतर संगणन हा त्यांच्या आस्थेचा विषय झाला. १९९८ मध्ये त्यांना पद्मभूषण प्राप्त झाले.

२०१२ मध्ये त्यांनी भारतातील संगणनाचा १९५५ ते २०१० या कालखंडाचा इतिहासही लिहिला. साधन म्हणून तो मोलाचा आहे. परंतु त्यातील अनेक घटनांत लेखक स्वतः सहभागी असल्याने संशोधकाने तो समकालीन कागदपत्रांशी ताडून पाहावा.