हिरा कणशोधक
प्रखर किरणोत्सर्गात विद्युतभारित कणांची नोंद घेणारे, कृत्रिम हिऱ्याचे साधन. भारतात कृत्रिम हिऱ्यांवरील संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र चेन्नईत, वेलचेरीला लागून असलेल्या आयआयटी मद्रासच्या आवारात आहे. 2023-24च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. पाच वर्षांसाठी सुमारे 243 कोटी रुपये मंजूर झाले.

कणशोधकाचा हिरा बाष्पनिक्षेपणाने वाढवतात. निर्वात कक्षात मिथेन व भरपूर हायड्रोजन सोडून सूक्ष्मलहरींनी प्लाझ्मा पेटवला की बीज-स्फटिकावर कार्बनचे थर चढतात. तयार चकतीच्या दोन्ही बाजूंना धातूचा मुलामा देऊन उच्च विद्युतदाब लावतात. आरपार जाणारा कण दर मायक्रोमीटरला सुमारे 36 इलेक्ट्रॉन-पोकळी जोड्या सुट्या करतो. सिलिकॉनमध्ये त्या याच्या दुपटीहून अधिक मिळतात. हिऱ्याची ही खरी उणीव. मात्र त्याचे ऊर्जा-अंतर 5.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (सिलिकॉनचे 1.1) असल्याने गळती-प्रवाह नगण्य राहतो आणि थंड ठेवण्याची यातायात वाचते. कार्बनचे अणू घट्ट बांधलेले असल्याने ते जागचे सहसा हलत नाहीत. तरी हिरा अभेद्य नव्हे. मारा वाढत गेला की स्फटिकातील दोषांत विद्युतभार अडकतो व संकेत क्षीण होतो.

जिनीव्हाजवळील सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत आरडी-42 गट 1994पासून या विषयावर काम करत आला. तेथील ॲटलास प्रयोगात कण-शलाकांच्या टक्कर-बिंदूच्या दोन्ही अंगांना, सुमारे 1.84 मीटरवर, सेंटिमीटरभर लांबीरुंदीच्या व अर्धा मिलिमीटर जाडीच्या हिऱ्यांची मांडणी केली गेली. टकरीतून निघालेले कण दोन्हीकडे एकाच वेळी पोचतात. भरकटलेल्या शलाकेचे कण एका बाजूला सुमारे 12 नॅनोसेकंद आधी येतात. एवढ्या फरकावरून धोका ओळखून शलाका बंद पाडता येते. सीएमएस प्रयोगातही शलाकेवर नजर ठेवायला हिरे वापरले गेले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मद्रास या प्रयोगात सहभागी आहेत.

दागिन्याच्या हिऱ्यात रंग व चमक पाहतात. कणशोधकाच्या हिऱ्यात नायट्रोजनचे प्रमाण अब्जात काही अणूंपुरतेच चालते. कृत्रिम हिऱ्यांच्या बीजावरील सीमाशुल्क 2023मध्ये माफ झाले, त्याचा लाभ दागिन्यांच्या उद्योगाला मिळेल. चेन्नईच्या केंद्राचे मोल मात्र इतका शुद्ध स्फटिक देशात वाढवण्यावरच ठरायला हवे.